पाखरकड्यावरची पिवळी रेघ

“ठकू, या नटाला तू हात लावलास?”

“म्या कशाला लावू, ताई? पाना तर तुमच्याच कमरेला असतोय. झोपतानाबी सोडता का न्हाई, देव जाणे.”

आम्ही दोघी पाखरकड्याच्या पोटावर उभ्या होतो. पायाखाली जेमतेम चवडा मावेल एवढी कपार, हातात पोलादी तार आणि खाली करपवाडीची घरं. माझं लक्ष मात्र नाकासमोरच्या एका नटावर खिळलं होतं. कड्यात बसवलेल्या बोल्टचा नट आवळून झाला की मी त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढत असे, नटावरून थेट खडकापर्यंत. रेघ सलग असेल तर नट जागचा हललेला नाही. इथे नटावरची रेघ एकीकडे आणि खडकावरची दुसरीकडे होती. कुणीतरी पाना लावला होता.

मी माझा पाना काढला. तो साधा नव्हता. नट हवा तेवढा आवळलेला असला की ‘टक्’ करून सांगायचा. लावला, जोर दिला. टक्.

“घट हाये की,” ठकू म्हणाली. “मंग रेघ कशी तुटली?”

पुढच्या नटाची रेघही तुटली होती. त्याच्या पुढच्याचीही. सगळे नट घट्ट आणि सगळ्यांच्या रेघा तुटलेल्या. काहीतरी ढिलं सापडलं असतं तर मी आवळून मोकळी झाले असते. पण हे काय होतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आपला सह्याद्री तसा उंचीला बेताचा. हिमालयात जाऊन आलेली मंडळी त्याला टेकड्या म्हणतात. पण लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला हा काळा दगड तुटतो तो सरळ उभा. म्हणून मी तिथे लोखंडी वाट केली होती. कड्याला बोल्ट मारायचे, त्यांतून पोलादी तार ओवायची, पाय ठेवायला लोखंडी आकडे बसवायचे. चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, हार्नेसला दोन आखूड दोर, दोरांच्या टोकाला कड्या. एक कडी काढली तरी दुसरी तारेत राहते. ज्याने जन्मात कधी कडा चढलेला नाही तोही असा चढू शकतो. फक्त बोल्ट पक्के हवेत. सगळा खेळ बोल्टवर.

पुण्यातली चांगली नोकरी सोडून मी करपवाडीत खोली घेऊन राहिले होते. वाट गावातल्या बायकांच्या बचत गटाची. त्यांनीच ती चालवायची, पाहुण्यांना वर न्यायचं. ठकू उघडे त्यांची पुढारी आणि माझी चेली. येत्या रविवारी गटातल्या बायका पहिल्यांदा वर जाणार होत्या, नऊवारीवर हार्नेस बांधून. त्यांतल्या एकीच्या जरी पायाखालून काही सुटलं असतं, तर वाट राहिली बाजूला, मी आयुष्यभर स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

आणि रविवारच्या आधल्या आठवड्यात कड्यावर कुणाचा तरी पाना फिरत होता.

“कोण असंल?” खाली उतरल्यावर ठकूने विचारलं.

नाव माझ्या ओठांवर होतंच. तिच्याही होतं.

“त्या मुकुंदकाकांना म्या परवा पघितलं,” ती हळूच म्हणाली. “कड्याकडनं येत व्हते. खांद्याला झोळी. झोळीत लोखंड वाजत व्हतं.”

मुकुंदकाका म्हणजे मुकुंद दांडेकर. पाखरकडा पहिल्यांदा चढले ते दोघे जण, मुकुंदकाका आणि माझे बाबा. त्या काळी त्यांच्याकडे ना धड दोर होते ना बूट. पण सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांत या जोडीचं नाव आदराने घेतलं जायचं. चित्रकलेचे मास्तर असलेले काका निवृत्तीनंतर करपवाडीच्या शेजारच्या टेपाडावर छोटं घर बांधून राहिले, लग्नबिग्न काही केलं नाही. लोखंडी वाटेचं काम सुरू झालं तेव्हा ते ग्रामसभेत उठून उभे राहिले होते.

“ही वाट नाही, ही डोंगराला घातलेली बेडी आहे,” ते म्हणाले होते. “ज्याला चढता येत नाही त्याने खालून बघावं. हे लोखंड इथे टिकणार नाही, मी सांगून ठेवतो.”

तेव्हा लोक हसले होते. आता मला ते वाक्य वेगळंच ऐकू यायला लागलं.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते माझ्याकडे मुक्कामाला आले होते, रविवारचा समारंभ बघायला. निदान मला तरी तसं सांगितलं होतं.

“मुकुंदा आहेच तसा,” बाबा चहा फुंकत म्हणाले. “त्याच्या मेखेवर विसंबलो आणि काय झालं, ते तुला माहीत आहे.”

माहीत नसायला काय झालं! आमच्या घरात रामरक्षेनंतर तीच गोष्ट सांगितली जायची. पाखरकड्यानंतर काही वर्षांनी दोघे एका सुळक्यावर गेले होते. मुकुंदकाका पुढे, बाबा मागे. काकांनी ठोकलेल्या मेखेला धरून बाबा वर येत होते आणि मेख उपटली. बाबांचं कमरेचं हाड मोडलं, पाय कायमचा आखडला. बाबा म्हणाले, मुकुंदाने मेख नीट ठोकली नव्हती. काका म्हणाले, भाल्याने, म्हणजे बाबांनी, न तपासताच वजन टाकलं. झालं! एका दोराला बांधून घेणारी माणसं पुढे एकमेकांच्या घरच्या कार्यालाही गेली नाहीत. माझ्या लग्नाची पत्रिका काकांना मी स्वतः दिली, तरी ते आले नाहीत.

त्या दिवसापासून बाबांचा कायदा एकच. दुसऱ्याने ठोकलेल्या मेखेवर जीव टाकायचा नाही. आधी आपला हात मारून घ्यायचा. हा कायदा कड्यापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण लोक कुलूप लावून एकदा ओढून बघतात, बाबा तीनदा ओढून वर शेजाऱ्यालाही ओढायला लावत. गॅसचं बटण मी बंद केलं की ते जाऊन बघणार, ते बघून आले की आई जाऊन बघणार. आमचं अख्खं घराणंच संशयी. मीही त्यातलीच, नाही कशाला म्हणू?

“मी उद्या चौकीत तक्रार देते,” मी म्हणाले.

बाबांचा कप बशीत आदळला.

“काही नको. पोलीसबिलीस कशाला मध्ये? रविवार होऊन जाऊ दे. मी बघतो.”

“तुम्ही काय बघणार?”

“म्हटलं ना, बघतो.”

ज्या माणसाचं नाव घेतलं तरी बाबांच्या कपाळावर आठ्या यायच्या, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला त्यांचाच विरोध? मी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांनी नजर चुकवली. मग माझं लक्ष दाराजवळच्या त्यांच्या बुटांकडे गेलं. तळांना लाल माती चिकटली होती. करपवाडीत माती काळी. लाल मातीचा पट्टा फक्त पाखरकड्याच्या पायथ्याशी आहे, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असतो तसला.

“सकाळी कुठे गेला होतात, बाबा?”

“फिरायला. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कुठवर?”

“टपरीपर्यंत. चहा प्यायलो, आलो. आता बापाची उलटतपासणी घेणार तू?”

टपरी डांबरी रस्त्यावर होती. त्या रात्री मला धड झोप लागली नाही. बाबांना माझं करपवाडीत राहणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. ‘डोंगराने मला लंगडं केलं, आता तुला खातोय’ असं ते आईजवळ म्हणत. रविवारी फजिती झाली असती, तर मी मुकाट्याने पुण्याला परतले असते. एका कुशीवर वळले की मला मुकुंदकाका दिसत, दुसरीवर वळले की बाबा. स्वतःच्या बापावर असा संशय घेणं किती वाईट असतं, ते सांगून कळायचं नाही.

शुक्रवारी मी सगळ्या रेघा पुसून नव्या ओढल्या. शनिवारी पहाटे ठकूला घेऊन कड्याखालच्या करवंदीच्या जाळीत दबा धरून बसले. पाठीवर दोराचं वेटोळं आणि एक जाड पट्टा घेतला होता. कड्यावर जाताना दोर नेणं ही सवय.

उजाडता उजाडता मुकुंदकाका आले. डोक्याला माकडटोपी, खांद्याला झोळी. त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं, हार्नेस चढवला आणि ज्या तारेला ते बेडी म्हणाले होते, तिच्यात कडी अडकवून चढू लागले. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने चांगले आडवे, पण पाय कसे टाकत होते! मला त्या स्थितीतही कौतुक वाटलं आणि कौतुक वाटल्याचा रागही आला.

“आता आणिक काय पुरावा पायजे?” ठकू माझ्या कानाशी पुटपुटली. “म्या पोलीसपाटलांना घिऊन येते. रंगेहात धरू म्हाताऱ्याला.”

ती खाली पळाली. मी तारेत कड्या अडकवल्या आणि वर निघाले.

कड्याच्या मध्यावर वाट आडवी जाते. तिथे काका एका बोल्टसमोर उभे होते. पाना नटावर लावलेला, दोन्ही हात पान्यावर.

“काका!”

ते दचकले. पण पळायला तिथे जागा कुठली?

“शलाका? तू एवढ्या सकाळी?”

“हा प्रश्न मी विचारायचा. कशाला ढिले करताय बोल्ट? उद्या बायका चढणार आहेत इथून! घरी पोरंबाळं आहेत त्यांना. वाट पटत नाही तर माझ्याशी भांडा, कोर्टात जा. पण हे? तुम्ही?”

राग होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. लहानपणी, ते भांडण होण्याआधी, या माणसाच्या खांद्यावर बसून मी डोंगर बघितले होते.

काका माझ्याकडे बघतच राहिले.

“ढिले? मी?” ते म्हणाले. “अगं, मी आवळतोय! आठवडाभर रोज येऊन आवळतोय. ढिले तुझा बाप करतोय!”

“काहीही बोलू नका.”

“काहीही? सोमवारी या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या ओट्यावरून कडा स्वच्छ दिसतो. भाल्या लंगडत लंगडत आला, तार धरून इथवर चढला आणि एकेका नटाला पाना लावत गेला. तो गेल्यावर मी येऊन बघितलं. तुझ्या रेघा तुटलेल्या. नटाला पाना लावला तर नट फिरतोय! फिरतोय म्हणजे ढिलाच केलेला ना?”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुझा बाप तुला पाडायला निघालाय? तू ऐकून घेतलं असतंस? मुकुंदकाका जुना सूड उगवतात म्हणाली असतीस.” त्यांनी मान झटकली. “तू इथून परत जावंस म्हणून करतोय तो. आणि ही वाट मला आजही पटत नाही, हेही ऐकून ठेव. पण म्हणून काय तुला मरू देऊ?”

मला बुटांची लाल माती आठवली. म्हणजे खरंच बाबा?

तेवढ्यात खालून आरोळी आली.

“मुकुंदा! सोड तो नट! सोड म्हणतो ना!”

खाली लाल मातीत बाबा उभे होते. अंगावर हार्नेस, आणि हातात आमच्याच घरातला एक जुना, मुठीला फडकं गुंडाळलेला पाना.

“बघ, आलाच!” काका म्हणाले. मग खाली ओरडले, “आज उशीर झाला वाटतं भालचंद्रराव? ढिले करायचे राहून गेले?”

“मी ढिले करतो? अरे, तू ढिले करतोस आणि मी रोज येऊन आवळतो! बुधवारी तुला इथून उतरताना पाहिलं मी! वर येऊन बघतो तर सगळे नट फिरतायत!”

“बाबा!” मी ओरडले. “तुम्हीही आवळताय?”

“मग काय करू? तू तक्रार करणार, पोलीस याला धरून नेणार. या वयात त्याला कोठडीत बसवू? म्हटलं, हा ढिले करतोय तर करू दे, मी आवळत राहीन. रविवारपर्यंतचाच प्रश्न होता!”

दोघेही एकमेकांवर ओरडत राहिले. कड्यातली पाखरं उडाली. बाबांनी त्यांच्या कायद्याप्रमाणे सोमवारी आधी आपला हात मारून घेतला असणार, आणि तिथूनच हे सुरू झालं. एकाने आवळायचं, दुसऱ्याला रेघ तुटलेली दिसायची, त्याने आणखी आवळायचं, मग पहिल्याला ती पुन्हा हललेली दिसायची, की तो पुन्हा आवळणार. रोज. आणि नट रोज थोडा फिरत होता. घट्ट नट फिरेल कसा? तो ढिला नव्हता, आतला बोल्टच ताणला जात होता. माझा पाना बिचारा टक् करून ‘घट्ट आहे’ एवढंच सांगत होता. किती जास्त घट्ट आहे, ते त्याला सांगता येत नव्हतं.

“काका, पाना काढा,” मी म्हणाले. “हळूच काढा. जोर देऊ नका.”

“अगं थांब, तुला दाखवतोच, म्हणजे खात्री पटेल. हे बघ, अजून फिरतोय...”

“काका, नको!”

फटाका फुटावा तसा आवाज झाला. नट आणि बोल्टचं टोक माझ्या कानाजवळून गेलं. तार एकदम सैलावली. काकांचा पाय निसटला आणि तारेवरून घसरत ते पुढच्या बोल्टपर्यंत गेले, तिथे कडी अडकून लटकले. खडकात राहिलेला बोल्टचा तुकडा माझ्या समोर होता. शेवया ओढताना पीठ मध्ये बारीक होतं, तशी त्याची मान बारीक झाली होती.

कुणी एक नटही ढिला केला नव्हता. दोन म्हाताऱ्यांनी माझ्या काळजीने माझा अख्खा कडा पोखरून ठेवला होता. आणि ज्या बोल्टवर काका आता लटकले होते, तोही त्यांनीच आवळलेला होता.

“काका, हलू नका. श्वाससुद्धा जपून घ्या.”

“लागलं नाही मला फारसं,” ते म्हणाले, पण चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही समजलं असावं. एका हाताने ते कपार चाचपडत होते.

कुठल्याच बोल्टवर मी आता विसंबणार नव्हते. डोक्याच्या वर हाताच्या अंतरावर काळ्या दगडाचा एक जाड खुंट बाहेर आला होता. त्याला कुणी पाना लावलेला नव्हता. त्याभोवती मी पट्टा टाकला, पट्ट्यात कडी, कडीतून दोर ओवला. आधी स्वतःला त्या पट्ट्याला बांधून घेतलं. एक टोक काकांकडे फेकायचं, दुसरं खाली. खाली ते धरणार कोण? ठकू गावात पोचली असेल नसेल. खाली एकच माणूस होता.

“बाबा, दोर येतोय! हार्नेसला नीट लावून घ्या. काकांना उतरवायचंय!”

बाबांनी पाना टाकून दिला. एवढ्या वर्षांनीही त्यांचे हात झरझर चालले. पाय आखडलेला, तरी दगडाला टेकून ते घट्ट उभे राहिले.

मी दुसरं टोक काकांकडे फेकलं. त्यांनी ते धरलं, पण बांधलं नाही.

“खाली दोर कोणी धरलाय?”

मला दिसत होतं की त्यांच्या जागेवरून बाबा दिसत नाहीत. ठकूने धरलाय, असं म्हणता आलं असतं. एक क्षण जिभेवर आलंही.

“बाबांनी,” मी म्हणाले.

काकांनी डोळे मिटले. पुढच्या बोल्टने करकर आवाज केला, की मला भास झाला, देव जाणे.

“मग मी इथेच बरा आहे.”

“काका!”

“त्याचा माझ्यावर विश्वास नाही, माझा त्याच्यावर नाही. मेख उपटल्यापासून...”

“मुकुंदा!” खालून बाबांचा आवाज आला. “काय ठरतंय वर? बांध की लवकर!”

“तू सोडणार नाहीस कशावरून?” काका मोठ्याने म्हणाले.

मग बाबांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक.

“तुझी ती उपटलेली मेख मी अजून घरात ठेवली आहे. तुला मारायचं असतं तर तेव्हाच तीच डोक्यात घालून मारलं असतं. बांध.”

हे बोलणं कुणाला धीर देण्यासाठी म्हणून कुणी बोलेल का? पण काका हसले. खरंच हसले, त्या लटकलेल्या अवस्थेत. त्यांनी दोर हार्नेसमधून ओवला, गाठ मारली. तपासली. सोडली. पुन्हा मारली. पुन्हा तपासली. मी ओठ चावत बघत राहिले. या माणसाला घाई करण्यात अर्थ नव्हता.

“खेच!” ते ओरडले.

बाबांनी दोर ताणून घेतला. काकांनी तारेतून एक कडी काढली. मग दुसरी काढली. आता त्यांच्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त एक दोर होता आणि दोराच्या टोकाला भालचंद्र रणपिसे.

ते झोका खाऊन माझ्या बाजूला आले, मला घासून खाली जाऊ लागले. बाबा दोर इंच इंच सोडत होते. मांजर पिलाला उचलून नेताना धरतं तसं. वजन काकांचं जास्त, बाबांचे पाय मातीत घसरू लागले होते, पण दोराला एकदाही हिसका बसला नाही.

काका अर्ध्यावर असतानाच ठकू पोलीसपाटलांना घेऊन धापा टाकत पोचली. काशिनाथ पाटील हातात काठी घेऊन आले होते.

“कुठंय चोर? कुणाला धरायचंय?” त्यांनी दम खात विचारलं.

“आधी मला धरा!” बाबा वर बघतच ओरडले. “मागून, कमरेला! पाय सुटतायत माझे!”

पाटलांनी काठी टाकली आणि बाबांच्या कमरेला मिठी मारली. ठकूने पाटलांची कंबर धरली. वरून ते दृश्य बघताना मला रडू आलं आणि हसूही, दोन्ही एकदम. कितीतरी वेळ मी खुंटाला कपाळ टेकून उभी होते.

तो रविवार अर्थातच झाला नाही. सगळे बोल्ट काढून फेकावे लागले, नवे मारायला पुढचा हिवाळा उजाडला. ज्या दिवशी बायका वर गेल्या, त्या दिवशी बोल्ट ठकूने एकटीने आवळले होते आणि मी कमरेला पाना न लावता तिच्या मागून चढले. कसं चढले, ते माझं मला ठाऊक. वाट आजही चालू आहे. ठकूच्या हाताखाली आता तिच्या वाडीतल्या बऱ्याच जणी तयार झाल्या आहेत. पण करपवाडी म्हटलं की मला त्यातलं काहीही आधी आठवत नाही.

मला आठवतं ते त्या सकाळचं शेवटचं. मी तारेवर भार न टाकता, कपारी धरत खाली उतरले तेव्हा मुकुंदकाका जमिनीवर पोचले होते. पाटील बाजूला झाले होते, कपाळाचा घाम पुसत होते. बाबा मात्र अजून दोर धरून उभे होते, इतका ताणून की काका चवड्यांवर उभे होते आणि टाचा मातीला लागत नव्हत्या. बाबांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

“भाल्या, सोड की आता,” काका म्हणाले. “झालं. उतरलो मी.”

“पाय टेकलेत नीट?”

“टेकलेत रे.”

“खरं सांगतोयस?”

काकांनी बाबांकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्या मुठींवर आपला हात ठेवला.

“खरं,” ते म्हणाले. “बघ, खाली बघ. टेकलेत.”

बाबांनी खाली वाकून बघितलं आणि मगच दोर सोडला.